गाण्यांची वही कोणाच्या हातात?

घरातील गाण्यांचा संग्रह संगणकावर कसा ठेवावा आणि तो सांभाळण्यासाठी व वाजविण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा विषय वसंतातील व्याख्यानासाठी निवडला म्हणून काही श्रोत्यांना नवल वाटेल. ज्याने आपले आयुष्य कामगार संघटनेच्या कामात घालविले, त्याने गाण्यांच्या पेटीत डोके का खुपसावे, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, हा प्रश्न वरवर शौकाचा दिसत असला, तरी त्याच्या पोटात श्रमाचा, मालकीचा आणि नोंदवहीचा प्रश्न दडलेला आहे. आणि ह्या तिन्हींशी आमचा रोजचा संबंध आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्रीच्या वेळी वाचले. तेव्हा येथे जे सांगणार आहोत तो तज्ज्ञाचा निकाल नव्हे. एका कार्यकर्त्याने जुळविलेला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातून निघणारा एक व्यवहारी बोध आहे.

प्रथम एक फोड करून घेऊ. संगीताचा संग्रह म्हटला म्हणजे त्यात तीन निरनिराळी कामे येतात. पहिले, ध्वनी साठविणे. दुसरे, त्या ध्वनीची नोंद ठेवणे, म्हणजे हे गाणे कोणाचे, कोणी रचले, कोणी गाइले, कोणत्या साली गाइले, हे लिहून ठेवणे. आणि तिसरे, हवे ते गाणे हवे तेव्हा काढून वाजविणे. सॉफ्टवेअर घेताना मनुष्य बहुधा तिसऱ्या कामाकडे पाहतो. पडदा देखणा आहे काय, आवाज गोड येतो काय, एवढेच विचारतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, खरे झगडे दुसऱ्या कामावरून झाले. ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात संग्रह.

हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभीच हा नोंदीचा प्रश्न उभा राहिला होता. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार व्हावयाच्या. गाणे संपता संपता गौहरजान स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत, आपले नाव सांगते. हॅनोव्हरच्या कारागिराला आपल्या भाषा कळत नव्हत्या. कोणती तबकडी कोणाची हे त्याला उमगावे म्हणून ही युक्ती योजिली होती, असा उलगडा जुन्या तबकड्यांचे संग्राहक करतात. ह्या युक्तीत एक मोठे शहाणपण होते, ते पुढे लोक विसरले. नाव ध्वनीच्याच पोटात ठेवलेले होते. कागदी लेबल फाटले, पाकीट हरवले, दुकान बंद पडले, तरी नाव गाण्याबरोबरच राहिले.

पुढे लेबले आली, छापील सूचिपत्रे आली, आणि शौकीन मंडळींच्या घरी वह्या आल्या. जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांना त्या वहीची किंमत ठाऊक असते. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची एक संस्था निघाली, आणि तिच्या नियतकालिकातून सभासदांनी तबकड्यांच्या याद्या चिकाटीने प्रसिद्ध केल्या. ह्या कामाला पगार नव्हता. पण वही सभासदांची होती, आणि छापली गेली की ती सर्वांची होई.

आता संगणकाकडे वळू. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी ह्या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी बाजारात आली. एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने, तेही दोन्ही कानांसाठी वेगवेगळे, इतक्या बारकाईने तिच्यात ध्वनी नोंदविलेला असे. परंतु गाण्याचे नाव मात्र तिच्यात घालण्याची योजना नव्हती! नावे असत ती सोबतच्या छापील कागदावर. पुढे नावे घालण्याची सोय निघाली, पण ती थोड्याच तबकड्यांच्या वाट्याला आली. त्यामुळे लोक सीडी संगणकात घालू लागले तेव्हा पडद्यावर उमटे ते एवढेच: गाणे पहिले, गाणे दुसरे, गाणे तिसरे. गिरणीच्या पटावर कामगाराचे नाव नसावे, नुसता बिल्ल्याचा नंबर असावा, तसा हा प्रकार झाला.

ही अडचण सामान्य श्रोत्यांनीच सोडविली. १९९३ च्या सुमारास टी कान ह्या प्रोग्रॅमरने सीडी वाजविणारे एक सॉफ्टवेअर लिहिले. त्यात युक्ती अशी होती की, तबकडीवरील गाण्यांच्या लांबीवरून एक खूणक्रमांक काढावयाचा आणि त्या क्रमांकापुढे नावे लिहून ठेवावयाची. ज्याच्याजवळ तबकडी असे तो कागदावरची नावे टंकून टी कानला पाठवी, आणि ती नावे पुढच्या प्रतीतून सर्वांना मिळत. मग स्टीव्ह शर्फ ह्या त्याच्या सहकाऱ्याने ही नोंद इंटरनेटवर आणली. तिचे नाव सीडीडीबी. कोठल्या तरी गावी एखाद्या विद्यार्थ्याने रात्री जागून बारा नावे टंकावी, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडातील माणसाच्या पडद्यावर ती आपोआप उमटावी, असे ते सहकाराचे काम होते. जगभरच्या असंख्य लोकांनी त्यात हातभार लावला. कोणी कोणाकडे मजुरी मागितली नाही.

१९९८ साली ही नोंद एस्सियंट ह्या कंपनीला विकली गेली. पुढे तिचे ग्रेसनोट असे बारसे झाले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर परवान्याच्या अटी आल्या, आणि मार्च २००१ मध्ये ज्यांच्याजवळ परवाना नाही अशा सॉफ्टवेअरना तिचे दार बंद झाले. २००८ साली सोनीने ही कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. त्यानंतरही ती दोनदा हातोहात गेली. ज्या श्रोत्यांनी नावे टंकली होती त्यांना ह्या व्यवहारात जागा नव्हती, कारण ते कोठे सभासद नव्हते, त्यांच्याशी करार नव्हता, आणि त्यांचे म्हणणे मांडणारे कोणी नव्हते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रे चोवीस तास चालू ठेवावयाची तर पैसा लागतो. हौशी लोकांनी केलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी पगारी माणसे लागतात. आणि नोंद वाढली की खर्चही वाढतो. हे सारे खरे आहे. आम्ही खर्चाला विरोध करीत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. वर्गणी गोळा करून बांधलेल्या धर्मशाळेची व्यवस्था पाहणाऱ्याला पगार द्यावा हे योग्यच. पण म्हणून धर्मशाळेचे खरेदीखत त्याच्या नावे होत नाही.

ह्या घटनेला श्रोत्यांनी दोन प्रकारे उत्तर दिले. पहिले म्हणजे, तोपर्यंत खुल्या परवान्याखाली जे बाहेर आले होते ते घेऊन फ्रीडीबी नावाची दुसरी नोंद उभी राहिली. ती २००६ साली एका कंपनीकडे गेली आणि २०२० साली बंद पडली. परंतु तिच्यातील मजकूर खुला असल्यामुळे इतरांना तो पुढे चालविता आला. दुसरे उत्तर अधिक विचारपूर्वक दिलेले होते. रॉबर्ट के ह्याने २००० च्या सुमारास म्युझिकब्रेन्झ ही नोंद सुरू केली आणि २००४ साली तिच्या पाठीमागे नफा न वाटणारी एक संस्था नोंदविली. तेथे कोणीही भर घालू शकतो, केलेल्या बदलांवर सभासद मत देऊ शकतात, मूळ नोंद सार्वजनिक मालकीची म्हणून जाहीर केलेली आहे, आणि ती सगळीच्या सगळी कोणालाही उतरवून घेता येते. धंद्यासाठी वापरणाऱ्या कंपन्यांनी संस्थेला वर्गणी द्यावी अशी अपेक्षा असते. म्हणजे पहिल्या वेळी जे केवळ सद्भावनेवर चालले होते, ते दुसऱ्या वेळी घटना लिहून केले. संघटनेच्या कामात असलेल्या माणसाला ह्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

नोंदवहीचा आम्ही एवढा बाऊ का करतो, हे एका दुसऱ्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो ह्याचा पुरावा अर्जदाराकडे मागण्यात आला. गिरणीचा पट गिरणीच्या कचेरीत. गिरणीला कुलूप. ज्याने आपले तिकीट, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, त्याचे काम सुकर झाले. ज्याची वीस वर्षांची हजेरी केवळ मालकाच्या वहीत होती, त्याच्या वारसांना दारोदार फिरावे लागले. गाण्यांचा संग्रह हा काही पोटाचा प्रश्न नव्हे, हे आम्ही जाणतो. पण नियम तोच आहे. आपली नोंद दुसऱ्याच्या वहीत असेल, तर तिची एक नक्कल आपल्या पेटीत असली पाहिजे.

आता नोंद आपल्याच पेटीत, किंबहुना गाण्याच्याच पोटात ठेवण्याचा मार्ग कसा निघाला ते पाहू. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत ध्वनी आटविण्याची जी पद्धत विकसित झाली, तिला १९९५ साली एमपी३ हे नाव मिळाले. नेहमीच्या प्रमाणात आटविले तर सीडीवरील गाणे सुमारे अकराव्या हिश्श्यात मावते. मानवी कानाला जे सहसा जाणवत नाही ते ही पद्धत टाकून देते. गाणी लहान झाली, म्हणून ती घरोघर जमू लागली. पण ह्या फाइलीतही नावाला जागा नव्हती. १९९६ साली एरिक केम्प ह्याने फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडण्याची पद्धत काढली. त्याला आयडी३ म्हणतात. गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, संग्रहाच्या नावाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला १, आणि सुरुवातीच्या खुणेची ३ अक्षरे. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की, ही गौहरजानचीच युक्ती होती. गाणे संपल्यावर शेवटी नाव सांगावयाचे!

परंतु हे खण इंग्रजीच्या मापाने बेतलेले होते. देवनागरीची त्यात सोयच नव्हती. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. भीमसेन जोशी हे नाव घ्या. त्यात अक्षरे आणि मात्रा मिळून दहा चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. म्हणजे ३१ बाइट. खण ३० चा. एका बाइटासाठी जोशींची शेवटची वेलांटी बाहेर राहते! संगीताच्या प्रकारांची जी मूळ यादी होती, तीत ८० प्रकार होते. त्यात युरोपातील पोल्का नाच होता. पण ख्याल, ठुमरी, लावणी, अभंग ह्यांपैकी काही नव्हते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याने साचा केला त्याने आपल्या घरातील भांडी पाहून केला. पण दुसऱ्याच्या साच्यात आपले भांडे बसत नाही, ही गोष्ट खरी.

सुदैवाने हा दोष लवकरच दूर झाला. १९९८ पासूनच्या आयडी३ च्या दुसऱ्या आवृत्तीत खण मोठे झाले आणि निरनिराळ्या लिप्यांची सोय झाली. आणि २००१ साली जॉश कोल्सन ह्याने फ्लॅक ही पद्धत बाहेर आणली, तिच्यात तर दोन्ही प्रश्न सुटले. फ्लॅकमध्ये ध्वनीचा कणही टाकून दिला जात नाही. फाइल मूळच्या निम्म्या-पाऊणपट जागेत बसते आणि उलगडली की मूळ ध्वनी जसाच्या तसा मिळतो. नोंदीचे खण हवे तितके पाडता येतात. खणाचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, पण आतील मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा. पद्धत पहिल्यापासून खुली आहे, आणि २०२४ साली इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळाने ती मानक म्हणून प्रसिद्ध केली.

साठविणे आणि नोंदविणे झाले. आता वाजविणाऱ्यांचा इतिहास. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह ह्या तरुणांचे विनॅम्प आले. त्याचे काम साधे होते: फाइली द्याव्यात, त्याने त्या ओळीने वाजवाव्यात. क्रमाची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत राही. ती कोणालाही उघडून वाचता येई. १९९९ साली एओएल ह्या बड्या कंपनीने विनॅम्पची मालकी घेतली आणि पुढे त्याचा जोम ओसरला. पण विनॅम्प वापरणाऱ्यांचे त्यात मोठेसे बुडाले नाही, कारण त्यांची गाणी त्यांच्याच कपाटात होती.

दुसरा मार्ग ॲपलचा. साउंडजॅम नावाचे एक सॉफ्टवेअर २००० साली ॲपलने विकत घेतले आणि जानेवारी २००१ मध्ये त्यातून आयट्यून्स बाहेर काढले. त्यात साठविणे, नोंदविणे आणि वाजविणे ही तिन्ही कामे एका छताखाली आली. सोय मोठी होती, आणि सोयीला नावे ठेवणे आम्हांला पसंत नाही. दमून घरी आलेल्या माणसाला दोन कळा दाबून गाणे ऐकू आले पाहिजे. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. गाण्याचे नाव आणि गायकाचे नाव फाइलीत राही. परंतु आपण दिलेले तारे, गाणे किती वेळा ऐकले त्याची गणती, आपण लावलेले क्रम, हे सारे आयट्यून्सच्या स्वतःच्या वहीत राही. ती वही बाहेर काढण्याची सोय आहे, पण आपण होऊन काढावी लागते. २०१९ साली ॲपलने आपल्या संगणकांवर आयट्यून्सचे तुकडे करून संगीतासाठी निराळे सॉफ्टवेअर दिले.

२००३ च्या एप्रिलात ॲपलचे गाण्यांचे दुकान उघडले. गाणे ९९ सेंटला मिळे, पण कुलपासकट मिळे. ठरावीक संगणकांवरच ते वाजे. इतर कंपन्यांनीही आपापली कुलपे काढली. ह्या कुलपांचा खरा अर्थ २००८ साली कळला. मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद झालेल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या गिऱ्हाइकांना कळविले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकावर ती गाणी उघडण्याचा परवाना मिळणार नाही. ओरड झाली, तेव्हा मुदत २०११ पर्यंत वाढविली. त्याच वर्षी याहूने दुकान बंद केले आणि गिऱ्हाइकांना भरपाई द्यावी लागली. म्हणजे लोकांनी पैसे मोजले होते ते गाण्याचे. हातात आली होती ती दुसऱ्याच्या किल्लीवर उघडणारी पेटी. २००९ साली ॲपलने गाण्यांवरील कुलपे काढून टाकली, ही गोष्टही न्यायाने सांगितली पाहिजे.

तिसरा मार्ग म्हणजे घरातील एका संगणकावर संग्रह ठेवून तो घरभर वाजविणे. स्लिम डिव्हाइसेस ह्या लहान कंपनीने ह्यासाठी यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही केले. त्यातील सॉफ्टवेअर खुले होते. त्याची मूळ लिखावट कोणालाही वाचता व बदलता येई. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ साली ती यंत्रे करणे थांबविले, आणि २०२४ साली त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. एखाद्या कारखान्याचे असे झाले असते तर दारावर नोटीस लागून सारे संपले असते. येथे तसे झाले नाही. लिखावट खुली असल्यामुळे वापरणाऱ्या मंडळींनीच ते सॉफ्टवेअर पुढे चालविले. आज ते लिरियन ह्या नावाने नांदत आहे आणि ती जुनी यंत्रे अजून गात आहेत. असेच दुसरे उदाहरण एम्बीचे. ते सॉफ्टवेअर आरंभी खुले होते; डिसेंबर २०१८ मध्ये त्याची लिखावट बंद करण्याचे ठरले, तेव्हा त्यातील काही मंडळींनी शेवटची खुली प्रत घेऊन जेलीफिन हा निराळा संसार थाटला. मालक बदलला किंवा मालकाचे मन बदलले, तरी काम करणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना बाहेर पडून पुन्हा उभे राहता येणे, हा त्या खुलेपणाचा खरा उपयोग.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. खुले म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे चांगले, असे आमचे म्हणणे नाही. ज्याने जन्मभर मजुरीसाठी भांडण केले त्याने प्रोग्रॅमरने मात्र फुकट राबावे असे म्हणणे लाजिरवाणे होईल. २००२ साली पीटर पाव्लोव्स्की ह्याने काढलेले फूबार२००० फुकट मिळते, पण त्याची लिखावट खुली नाही. तरीही ते आपल्या फाइलीतीलच नोंद वाचते म्हणून आम्ही ते चांगले मानतो. उलट २०१५ साली आलेले रून महाग आहे. गायक, वादक, रचनाकार ह्यांचे धागे ते सुरेख जोडून दाखविते, आणि ज्याला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. २०२३ साली ती कंपनी सॅमसंगच्या हार्मन कंपनीकडे गेली. उद्या तिचे काय होईल हे पाहण्याची पाळी गिऱ्हाइकावर येऊ नये, एवढ्यासाठी नोंद आपल्याजवळ असावी. खुल्या सॉफ्टवेअरसाठी झोळी पुढे आली तर तीत वर्षाला काही घालावे, हेही त्याच ओघाने आले.

आता आपल्या महाराष्ट्रातील संग्रहांकडे पाहू, कारण साऱ्या चर्चेची कसोटी तेथेच लागते. जगातील बहुतेक सॉफ्टवेअर गायक, संग्रह आणि गाणे ह्या तीन पायऱ्यांवर उभे आहे. आपले संगीत त्या पायऱ्यांवर चढत नाही. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकातील एखादे पद घ्या. पद खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची, आवाज बालगंधर्वांचा. मग कलावंत ह्या खणात कोणाला बसवावयाचे? अमीर खाँ ह्यांच्या एका दीर्घमुद्रिकेत एका बाजूस मारवा आणि दुसरीस दरबारी. येथे गाण्याचे नाव म्हणून रागाचे नाव पडते, आणि तबलजीला तर खणच नाही. साथीदाराचे नाव गळाले की आम्हांला विशेष टोचते. मैफिलीतही मजूर असतो, आणि त्याचीही हजेरी लागली पाहिजे. तिसरे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ५६ गीते निघाली, ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेकांच्या आवाजांत. पुढे घरोघर गेली ती सुधीर फडक्यांच्या आवाजात. ज्याच्या संग्रहात दोन्ही आहेत त्याने वर्ष, गायक आणि प्रसंग लिहिले नाहीत, तर सॉफ्टवेअर दोहोंची भेसळ करील.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त फिटर आहेत. त्यांनी कामगार वस्तीतील वाचनालयासाठी शाहिरांच्या कार्यक्रमांच्या आणि गेट-सभांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरविल्या आणि प्रत्येकीपुढे गाणारा, ढोलकीवाला, जागा, साल असे सर्व लिहिले. लिहिले ते एका सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत. संगणक बदलला. “भाऊ, गाणी समदी आली, पण माणसं गेली,” असे ते आम्हांला म्हणाले. ध्वनी होता, पण कोण गातो आहे हे सांगणारा कागद उरला नव्हता. आणि ज्यांना आवाजावरून ओळखता आले असते, त्यांतील निम्मे लोक हयात नव्हते. दुकानात मिळणाऱ्या गाण्याची नोंद जगात कोठे तरी सापडते, म्युझिकब्रेन्झवर सापडेल. पण गल्लीतल्या शाहिराची, आईच्या ओव्यांची, गावच्या भजनी मंडळाची नोंद फक्त आपल्याजवळ असते. ती गेली की गेलीच.

ह्यावरून सॉफ्टवेअर निवडण्याची कसोटी आपोआप निघते. कोणतेही सॉफ्टवेअर पुढे आले की त्याला पाच प्रश्न विचारावेत. तू नोंद फाइलीच्या पोटात लिहितोस की स्वतःच्याच वहीत? तुला देवनागरी वाचता व लिहिता येते का? राग, ताल, साथ, कवी, संगीतकार असे माझे खण मला पाडू देतोस आणि त्यांवरून शोधू देतोस का? मी लावलेले क्रम साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर देतोस का? आणि उद्या तुझा मालक दुकान बंद करून गेला, तर माझ्याजवळ काय उरेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत शोधू नये, स्वतः पाहावे. आपल्या संग्रहातील दहा फाइली घ्याव्या, एका सॉफ्टवेअरमध्ये सर्व नावे लिहावी, आणि त्याच फाइली दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्या. जे दिसेल ते आपले. जे दिसणार नाही ते दुसऱ्याचे.

व्यवहारात आम्ही असे सुचवू. कॅसेट किंवा सीडी उतरवावयाची तर फ्लॅकमध्ये उतरवावी. नावे लिहिण्यासाठी म्युझिकब्रेन्झचेच पिकार्ड, किंवा एमपी३टॅग, असे निव्वळ नोंदीचे हत्यार वापरावे. टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला फूबार२००० किंवा स्ट्रॉबेरी पुरे. घरभर ऐकावयाचे असेल तर लिरियन, नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन लावावे. आणि घरातील वडील मंडळींना जे सोपे जाते ते त्यांच्या हाती द्यावे, मग ते कोणाचेही असो. वाजविणारा बदलला तरी चालतो, कारण नोंद फाइलीत आहे. संग्रहाच्या दोन प्रती असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. आणि म्युझिकब्रेन्झवर मराठी तबकड्यांची जी नोंद नसेल ती आपण घालावी. तेथे लिहिलेले कोणाच्या खासगी तिजोरीत जात नाही.

नावे लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एका रात्रीत दहा-वीस गाणी होतात, अधिक होत नाहीत. पण हे काम यंत्र आपल्यासाठी करणार नाही, आणि कंपनीने केले तर ती वही आपल्याकडे देणार नाही. जी नोंद आपल्या हातांनी केली ती आपल्या फाइलीत ठेवावी, आणि तीतून साथीदाराचेही नाव वगळू नये, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.